माथा नसलेले किल्ले

अण्णांची खाट खाली आणायची, असं मी ठरवून टाकलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम बंगळूरला, राजाजीनगरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते जिन्यावर दिसले की मी खालून ओरडायला लागायचे. अलीकडे तर सकाळचा चहाही वरच मागवायला लागले होते. म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय, वर बसून हुकूम सोडतोय. मी खालची खोली झाडूनपुसून तयार केली. अण्णा म्हणाले, "मेल्यावर आण मला खाली. तेव्हा स्वल्पसुद्धा कुरकुरणार नाही." झालं! चार दिवस अबोला.

त्यातच माझ्या लेकीचा फोन आला. ती आधी इथेच इलेक्ट्रॉनिक सिटीत होती, आता नोकरीसाठी जॉर्डनला, अम्मानमध्ये असते. "दोघं या ना इकडे. वाळवंटातले किल्ले दाखवते. रोमनांचे, जुन्या खलिफांचे." किल्ले हा शब्द ऐकला आणि अण्णांच्या अंगात आलं. तरुणपणी त्यांनी सावनदुर्ग इतक्यांदा पालथा घातला होता की तिथली माकडंही त्यांना ओळखत असतील. फोन ठेवायच्या आत त्यांनी पैज लावली. तिथला किल्ला कुणाचा हात न धरता चढले, तर खाट वरच राहणार. नाही जमलं, तर मी म्हणेन तिथे झोपणार.

"सरी, चालेल," मी म्हणाले. मनात म्हटलं, जिंकले मी.

मग महिनाभर तयारी. मल्लेश्वरमला जाऊन बूट आणले. दिवसातून एकदाच, कठडा घट्ट धरून अण्णा खाली यायचे आणि कॉलनीतल्या चढाच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारायचे. बॅगेत दोरखंड कशाला, असं विचारलं तर म्हणे, "गडावर लागतो." आमच्या घरात गड म्हणजे चढ, आणि चढ म्हणजे शिदोरी. माथा गाठल्याशिवाय ती सोडायची नाही, हा अण्णांचा लहानपणापासूनचा नियम. पाचव्या वर्षी मी उपाशीपोटी रडत रडत नंदीचा डोंगर चढलेय, मला विचारा!

अम्मानला पोचलो, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून मी दशम्या केल्या. शेंगदाण्याची चटणी बंगळूरहून नेलीच होती. लेक गाडी चालवत होती, अण्णा पुढे, मांडीवर शिदोरीची पिशवी. दोन्ही बाजूंना नुसतं सपाट, दगडगोट्यांचं वाळवंट. अण्णा काच खाली करून क्षितिजावर डोंगर शोधत होते.

लेकीने सगळ्यात लांबचा किल्ला आधी घेतला. काळ्या दगडाचा, रोमनांनी बांधलेला, मागाहून मुसलमान राजवटींनी दुरुस्त केलेला. गाडी थेट दाराशी थांबली. अण्णा उतरले, पुढे बघितलं, मागे बघितलं.

"किल्ला कुठाय?"

"हाच की, आजोबा."

"आणि डोंगर?"

डोंगर नव्हता. एवढ्या महिनाभरात हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सपाट जमिनीवर, रस्त्याच्या कडेला कुणी किल्ला बांधेल, हे आम्हा गडवाल्यांच्या कल्पनेतच बसेना. अण्णा चिडले. "ह्याला किल्ला म्हणतात? बैलगाडी थेट आत येईल!" पण दाराची अखंड दगडी फळी बघून जरा निवळले. एवढा अवजड दगड, तरी बिजागरीवर फिरत होता म्हणे. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि "शाब्बास!" म्हणाले.

पण शिदोरी सोडली नाही. माथा कुठे होता?

दुसरं ठिकाण तर किल्लाही नव्हतं. ते एका खलिफाच्या घराण्यातलं न्हाणीघर, आत भिंतीभर चित्रं आणि घुमटात रंगवलेलं तारांगण. अण्णा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मी आणि लेक पिशवीकडे बघत होतो. दीड वाजला होता.

"अण्णा, एकेक दशमी?"

"माथा आलाय का?"

माझी लेक कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरा मात्र दिसायला किल्ला. चौकोनी, उंच भिंतींचा, आत चौक आणि चौकातून वरच्या मजल्यावर जाणारा दगडी जिना. अण्णा जिन्यासमोर थांबले. "हाच माथा," त्यांनी जाहीर केलं. पहारेकरी हात द्यायला पुढे आला, तर त्याला "बेडा, बेडा" म्हणून थांबवलं. त्या बिचाऱ्याला कन्नड काय कळणार, पण तो मागे सरकला.

एक पाय वर, दुसरा त्याच पायरीवर. मग पुन्हा एक. मी खाली उभी. पैज हरायला आलेय हे दिसत होतं आणि तोंडाने आपोआप "अण्णा, हळू, हळू!" चाललं होतं. शेवटच्या पायरीवर पोचले तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्यावर, परवानगी विचारून, एका कोपऱ्यात आम्ही दशम्या सोडल्या. पहारेकऱ्यालाही एक दिली. त्याने चटणी खाल्ली आणि पाणी मागितलं.

निघताना अण्णा जिन्याच्या तोंडाशी थबकले. खाली बघत उभेच राहिले. लेक केव्हाच चौकात पोचली होती.

"पैज चढायची होती ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चढायचीच."

"उतरायची नव्हती?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हट्ट नव्हताच तो. माणूस जिना उतरायला घाबरत होता आणि म्हणून चहा वर मागवत होता. मी मात्र खालून भांडत राहिले होते. मला माझी इतकी लाज वाटली!

"उतरायचं कुणी बोललंच नव्हतं," मी म्हणाले आणि एक पायरी खाली जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगलाच भार टाकला. आम्ही दोघं एकेक पायरी उतरलो, आणि खाली लेक तोंडावर हात धरून रडत होती की हसत होती, कोण जाणे.

खाट वरच आहे. आता रोज सकाळी साडेसातला वरून हाक येते, "ए, गड उतरायचाय!" मी गॅस बारीक करून वर जाते आणि एक पायरी खाली उभी राहते. चहा आम्ही खाली पितो.