डावीकडचं दार

शनिवारी अब्बांना घेऊन रत्नागिरीतल्या तिसऱ्या शोरूममध्ये गेले. आधीच्या दोन ठिकाणी एकटीच गेले होते आणि दोन्हीकडून तशीच परत आले होते.

पहिल्या ठिकाणी मी टर्निंग रेडियस विचारला. आमची गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे... "मॅडम, एकदम मस्त फिरते," असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या ठिकाणी मलाच विचारलं, "मिस्टर कधी येणारेत?" मिस्टर नाहीत म्हटलं. "मग भाऊ?" भाऊही नाही म्हटल्यावर त्या माणसाने माझ्या हातात रंगांचं कार्ड ठेवलं.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर आहे. कंपनीत दिवसभर मीटर कॅलिब्रेट करते. 'मस्त' हे युनिट मला वापरता येत नाही.

गाडी अब्बांसाठी घ्यायची होती. मस्कतमध्ये एका कुटुंबाचे ड्रायव्हर म्हणून त्यांची उमर गेली... आता कायमचे घरी आलेत, त्याला दीड वर्ष झालं. इथलं लायसन्स त्यांनी आल्या आल्या रिन्यू केलं, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. मामूंनी आपली गाडी देऊ केली तरी "आता वय झालं" म्हणून टाळलं.

बाजारात जाताना रिक्षात खाली बघत बसतात. हे मला बघवत नव्हतं. स्वतःची गाडी दारात आली तर चालवतील, असं वाटत होतं... खात्री नव्हती.

तर, तिसरं शोरूम. इथले सेल्समन संदेश, चाळिशीचे, टायवर कंपनीची पिन. सुरुवातच सनरूफपासून. रत्नागिरीत ते उघडायचं कधी, उन्हाळ्यात की पावसाळ्यात, असं मी विचारलं. "मॅडम, फील येतो ना!" मनातल्या मनात मी याही शोरूमवर काट मारली.

तरी टेस्ट ड्राइव्ह घ्यायचं ठरलं. मी मागे बसले. संदेशनी लायसन्स बघितलं, चावी पुढे केली आणि म्हणाले, "चला चाचा, तुमची परीक्षा नाही, गाडीची आहे."

अब्बांनी चावी घेतली. गाडीला पुढून वळसा घालून थेट डावीकडचं दार उघडलं, आत बसले, दार लावलं... आणि हात पुढे केले. समोर स्टिअरिंग नव्हतं.

मस्कतमध्ये ड्रायव्हरची सीट डावीकडे असते. इतकी वर्षं त्यांनी तेच दार उघडलं होतं.

अब्बांचा चेहरा मला आरशात दिसत नव्हता, कान दिसत होते. ते लाल झाले होते. काचेपलीकडे शोरूममधली दोन मुलं आमच्याकडेच बघत होती. "तूच चालव गो," अब्बा हळूच म्हणाले. ते तिथून उतरले असते तर पुन्हा बसले नसते, हे मला नक्की माहीत होतं.

संदेश हसले नाहीत. उजवीकडून आत बसले, अब्बांच्या हातातली चावी घेतली आणि म्हणाले, "बरं केलंत चाचा, तिथेच बसा. आधी मी चालवतो, तुम्ही इंजिन ऐका." जणू हेच ठरलं होतं.

शोरूमचा टेस्ट ड्राइव्हचा रूट हायवेचा. त्यांनी मात्र गाडी भाट्याच्या किनाऱ्याकडे घेतली. पूल ओलांडून, सुरूच्या बनाजवळ रस्ता रिकामा झाल्यावर वेग अगदी कमी केला.

"चाचा, मी क्लच दाबतो. गिअर तुम्ही टाका."

डावीकडे बसलं की गिअर उजव्या हाताला येतो... म्हणजे अब्बांचा हात जिथे आयुष्यभर होता, तिथेच. दुसरा, तिसरा, परत दुसरा. एकदाही खाली बघावं लागलं नाही. संदेशचा क्लच एकदा उशिरा पडला तेव्हा मात्र अब्बा बोललेच, "अरे बाबा, पाय कुठे ठेवलायस? घरी?"

दीड वर्षात त्यांना कुणावर असं खेकसताना मी ऐकलं नव्हतं.

"मग तुम्हीच या इकडे," म्हणत संदेशनी गाडी बाजूला घेतली. दोघांनी जागा बदलल्या. सुरुवातीला अब्बांचा उजवा हात गिअरसाठी दारावर आपटला. वळताना सिग्नलऐवजी वायपर सुरू झाला... कोरड्या काचेवर खर्र खर्र. पुलावर चढेपर्यंत हात शांत झाले. परत येताना भर बाजारातून त्यांनी गाडी आणली, आणि एका रिक्षावाल्याला हॉर्न न देता रस्ता दिला.

अब्बा पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी संदेशना थँक्यू म्हटलं. मला ते फारसं जमत नाही. ते म्हणाले, "गल्फवरून आलेले बरेच जण त्याच दाराशी जातात मॅडम. आपण हसलो की परत येत नाहीत." मग लगेच, "पण सनरूफचं बघा हां!"

सनरूफ घेतलं नाही. गाडी त्यांच्याकडेच बुक केली. टर्निंग रेडियस त्यांनाही माहीत नव्हता, पण आत जाऊन माहितीपत्रकात शोधून आणला.

निघताना अब्बा पुन्हा त्या डेमो गाडीपाशी गेले. आपल्यासाठी मागे सरकवलेली सीट त्यांनी होती तिथे पुढे आणली, आरसा पहिल्यासारखा केला. मालकाची गाडी चालवणाऱ्याची सवय. संदेश म्हणाले, "राहू द्या चाचा." अब्बा म्हणाले, "दुसऱ्याची आहे ना."

आमची गाडी पुढच्या महिन्यात येईल. ती मीही चालवणार आहे, आणि अब्बा सीट जिथे ठेवतील तिथून माझे पाय पेडलपर्यंत नीट पोचणार नाहीत. पाठीमागे उशी घेईन. सीट हलवणार नाही.