सकाळचं माप

बुटांच्या त्या दुकानात मापकाकांना सव्वीस वर्षं झाली होती. खरं नाव वेगळं, पण घरचेही मापकाकाच म्हणायचे. गिऱ्हाईक सकाळी आलं की काका पाय मापायचे आणि सरळ सांगायचे, "दिवसभरात पाय फुगतो. आत्ता बसलेला बूट संध्याकाळी चावेल. सहानंतर या." आता दुकानदारी अशी करतात का? निम्मी माणसं समोरच्या दुकानात जाऊन बूट घेऊन मोकळी व्हायची. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बूट चावला की शिव्या दुकानाला बसतात, आणि दुकान ते आपलंच समजायचे. समोरच्याने जास्त पगार देऊ केला, तर त्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

थोरले मालक हसून सोडून द्यायचे. ते घरी बसले आणि त्यांची मुलगी, ताई, गल्ल्यावर आली. महिनाभर तिने कळ काढली, मग एका शनिवारी सांगून टाकलं, "काका, आता सकाळचं एक जरी गिऱ्हाईक परत पाठवलंत, तर तुम्ही मागे गोदामात. खोकी लावायची."

काकांना त्या दिवशी घास गेला नाही. माणसांचे पाय हातात घेण्यात जन्म गेला, खोक्यांशी काय बोलणार? "गप विकून टाका की," बायको म्हणाली. "तुमच्या बापाचं काय जातंय?"

सोमवारी सकाळी एक नर्सबाई आल्या. बूट छान बसला. काकांनी जीभ आवरली, खोकं बंद केलं, आणि राहवलं नाहीच. "बाई, तुम्ही दिवसभर उभ्या असता. संध्याकाळी या."

बाई गेल्या. कुणी सांगायच्या आत काका उठून गोदामात गेले. वाईट वाटत होतं, आणि खोटं वागलो नाही म्हणून बरंही वाटत होतं.

तासाभराने ताई गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली.

"एक मास्तर आले होते. बूट पसंत पडला, पैसेही काढले."

"मग?"

"माझ्याच तोंडून गेलं, संध्याकाळी या म्हणून." ती मटकन खोक्यावर बसली. "लहानपणापासून तुमचंच ऐकत आलेय, काका. विकवेना मला."

काकांना फार आनंद झाला. "किती वाजता बोलावलंत?"

"सहाला."

"मास्तर दिवसभर फळ्यापाशी उभे. त्यांना पाचलाही चाललं असतं."

"ते तुम्हीच सांगा त्यांना," ताई म्हणाली. "चला पुढे, दुकानात कुणी नाहीये."