केशरच्या अंथरुणाचा घोर

आमचे हे, मार्तंडराव, जालन्यात पाटबंधाऱ्याच्या हापिसात कारकून. उभ्या जन्मात यांनी एखादी गोष्ट जल्दी ठरवली असंल तर मला आणून दाखवा. हॉटेलात वेटर येऊन उभा राहतो, कंटाळून निघून जातो, तरी यांचं इडली का डोसा ते ठरत न्हाई. शेवटी मीच सांगते. अन् असा माणूस कशाच्या मागं लागावा? तर एका सापाच्या अंथरुणाच्या! कपाळ माझं, दुसरं काय.

साप आमच्या पोरीचा, भार्गवीचा. ती पुण्यात नोकरीला. विदेशी जातीचा, बिनविषारी, सरकारी नोंदणी केलेला. कॉर्न स्नेक म्हणतात म्हणे. रंग नारिंगी, म्हणून नाव ठेवलं केशर. पुण्याच्या घरमालकिणीनं पेटीत डोकावून बघितलं अन् बोंब ठोकली, म्हणून गेल्या दिवाळीला पोरीनं केशरला काचेच्या पेटीसकट आमच्याकडं आणलं. त्याच मुक्कामात तिनं सुयशचं नाव काढलं. लग्न करीन तर याच्याशीच. पोरगा दुसऱ्या जातीचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताडकन म्हणाल्या, "तो या घरात आला, की मी जाफराबादला गावी निघाले. मेले तरी तोंड बघायला येऊ नका." पोरीनं बापाकडं बघितलं. बाप आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. सकाळी पोरगी निघून गेली अन् केशर आमच्या गळ्यात पडली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भार्गवीचा फोन येतो, पण बापाशी ती केशरशिवाय एक शब्द बोलत न्हाई. खाल्लं का, कात टाकली का, खाली काय अंथरलं. बस्स. केशर आहे तोवर फोन आहे, हे यांना बराबर कळल्तं. म्हणून तर जीव टांगणीला.

अन् मंग सुरू झाला अंथरुणाचा शोध. आधी सुताराकडून लाकडाचा भुसा आणला. घरभर वास सुटला, तेव्हा यांनी मोबाइलवर वाचलं की चीड-देवदाराच्या तेलानं सापाचा दम कोंडतो. भुसा उकिरड्यावर. मंग वाळू चाळून आणली. चांगली धुऊन, माझ्या परातीत वाळवून! वाळत आली तेव्हा कळलं की खाताना वाळू पोटात जाते अन् आतडं अडतं. वाळू गेली, परात मी भंगारवाल्याला देऊन टाकली. जुना पेपर अंथरा, असं भार्गवी पहिल्यापासून सांगून राह्यली होती. पण यांना वाटायचं, पोरीची अमानत अन् रद्दीवर झोपवायची? आपण सोफ्यावर अन् ती रद्दीवर?

मंग यांचा मावसभाऊ मच्छिंद्र अंकुशनगरला साखर कारखान्यावर आहे, त्यानं अक्कल दिली. उसाचा पिळून उरलेला भुसा घेऊन जा, मऊ असतो, खर्चा न्हाई. पोतंभर आला. आषाढात त्या भुशानं ओल धरली, आंबूस वास मारायला लागला अन् केशरच्या पोटाखाली फोड आले. पुण्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ फोनवर बघून मलम सांगितलं अन् यांना चांगलं फैलावर घेतलं. खालून कातडी सडायला लागली आहे, पुन्हा ओलं राहिलं तर वाचायची न्हाई. यांनी त्या दिवशी जेवण सोडलं. मी म्हटलं, "अहो, मला टायफॉइड झाल्ता तेव्हा तुम्ही दोन्ही वेळ हादडत होता!" तर म्हणे, तुझं वेगळं.

शेवटी नर्सरीतून कुंड्यांत घालायचा नारळाच्या काथ्याचा भुगा आणला, उन्हात खडखडीत वाळवला अन् पेटीत जाडसर थर दिला. फोड सुकत आले. मला वाटलं, सुटलो.

कशाचं सुटतोय! नागपंचमी उजाडली. हे हापिसात, मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवून राह्यले होते. आत्याबाईंनी गल्लीतल्या उषाबाई अन् चार बाया गोळा केल्या. म्हणाल्या, घरात जिता नाग असताना भिंतीवर चित्र कशाला काढायचं? झाकण सरकवलं, हळदकुंकू उधळलं, लाह्या टाकल्या अन् वाटीवाटीनं दूध ओतलं. मी धावत बाहेर आले तोवर काथ्यानं सगळं दूध पिऊन घेतल्तं अन् केशर त्या चिखलात वेटोळं करून बसली होती.

मी यांना फोन केला. हे स्कूटरवर धापा टाकत आले, खुरपं घेतलं. आत्याबाई पेटीसमोर आडव्या.

"पूजेला बसवलेला नाग उद्यापर्यंत हलवायचा न्हाई. अन् आज खुरपं? नागपंचमीला कुणी उकरतं का?"

"हातानं काढतो."

"उकरणं ते उकरणंच."

मला ठाऊक होतं, आता हे अंगठ्याकडं बघणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापानं. पण हे म्हणाले, "माय, माझ्या खुरप्यानं न्हाई, तुझ्या दुधानं मरंल ती. सरक."

आत्याबाई सरकल्या. सरकल्या म्हणजे काय, भिंतीला टेकून बघतच राहिल्या. यांनी केशरला उचलून कोरड्या बादलीत ठेवलं, पोट पुसलं, सगळा काथ्या खरवडून काढला, पेटी पुसली अन् खाली अंथरला साधा, कोरडा पेपर. नऊ महिने पोरगी जे सांगून राह्यली होती तेच!

संध्याकाळी फोन आला, यांनी स्पीकरवर टाकला.

"खालचं सगळं बदललं," हे म्हणाले. "पेपर टाकला. कोरडी आहे ती."

"आज? आज्जीनं उकरू दिलं?"

"न्हाई देत होती. मी बोललो तिला."

पोरगी म्हणाली, "म्हणजे येतं तुम्हाला बोलता. पप्पा, मंग माझ्या वेळी काय झाल्तं?"

माझ्या मनात दिवाळीपासून हेच खदखदून राह्यलं होतं, पण तिनं ते सरळ विचारलं. यांचा चेहरा बघवेना.

"भ्यालो होतो, बाई," हे म्हणाले.

आतल्या खोलीत आत्याबाईंची खाट करकरली. त्या उठून बसल्याचं कळलं, की हे एरवी कुजबुजायला लागतात. आज आवाज तेवढाच राहिला.

"सुयशचा नंबर सांग," हे म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी."