नऊ ते पाच, घरीच

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो, आणि खरं सांगतो, आधी मला रागच आला. सकाळी दहापासून त्याच्या छातीत दुखत होतं. दवाखाना मस्तगडातल्या आमच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि हा माणूस वहिनींना म्हणाला, पाचला बाजार बंद झाला की जाऊ. साडेतीनला तो खुर्चीतच गेला... स्मशानात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न. घरीच तर होता, मग लगेच का नाही गेला?

या 'घरीच'नं त्याला पुरतं छळलं. आम्ही दोघं आष्टीचे, एका बाकावरचे. जालन्यात तो एका बियाणं कंपनीत परदेशी बिलं पाहायचा. डॉलर वर-खाली झाला की साहेबांचे चेहरे कसे उतरतात हे बघता बघता त्याला त्याचाच नाद लागला. नोकरी सोडली, पुढच्या खोलीत टेबल टाकलं, इन्व्हर्टर घेतला आणि डॉलर-रुपयाचे सौदे करू लागला. लोकांना वाटलं, आता याच्या दारात गाडी उभी राहणार. उभी राहिली ती जुनी स्कूटरच. झटपट श्रीमंत करून देणाऱ्या ॲपवाल्यांना तो दारात उभं करायचा नाही. बरेच दिवस नुसते बघत बसण्यात जायचे, आणि चांगला महिनासुद्धा जुन्या पगाराच्या जेमतेम आसपास. मी एकदा म्हणालो, नुसता बसून तर असतोस. तर म्हणाला, "बसून न्हाई राह्यलो रे, हात आवरून राह्यलो. तेच अवघड हाये." मला ते तेव्हा बिलकुल पटलं नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचा व्यवसाय म्हणून वहिनींनी 'शेती' लिहिलं, तेव्हा तो दोन दिवस घरात कुणाशी बोलला नव्हता.

गल्लीनं मात्र त्याला बिनपगारी कामाला लावलं. कुणाचं सिलिंडर घे, कुणाचं पार्सल घे, कुणाच्या म्हाताऱ्याला बँकेत ने... बाहेर जाणारा प्रत्येकजण घराची किल्ली त्याच्याकडे टाकून जायचा. शेवटी त्यानं दारावर पुठ्ठा लावला, 'नऊ ते पाच कामात आहे', आणि त्याच दारामागे भिंतीवर किल्ल्यांसाठी खिळेही ठोकले. असला माणूस. नाही म्हणायला काय जात होतं त्याचं?

दुसऱ्यांना कशाला बोलू? वाटूरहून माझे सासरे तपासणीला आले, तेव्हा भर पावणेदहाला फोन करून मीच त्याला बसस्टँडवर पिटाळलं. त्या दिवशी दहाला रिझर्व्ह बँकेचे व्याजदर जाहीर व्हायचे होते, म्हणजे डॉलर हलणार होता. हातातला सौदा घाईघाईनं मोडून तो गेला आणि दोन महिन्यांची मेहनत त्यात गेली. हे मला नंतर वहिनींकडून कळलं. त्याला विचारलं तर एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं करायचं का मंग?" मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, मला वाटलं तू घरीच आहेस.

त्याच्या नऊ ते पाचवर आमच्यापैकी एकाचाही विश्वास नव्हता. त्याचा एकट्याचा होता, आणि शेवटच्या दिवशी नेमका तोच त्याला नडला. याचा राग कुणावर काढायचा, तेच अजून कळत नाही.

गेल्या आठवड्यात शाळा लवकर सुटली. बायको माहेरी गेलेली, किल्ली सवयीनं दिगंबरकडच्या खिळ्यावर. अडीच वाजले होते. दारावर पुठ्ठा तसाच होता. इतकी वर्षं तो न वाचता मी दार ढकलत आलो, पण त्या दिवशी हात पुढे जाईना. ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं वहिनींनीच दार उघडलं.

"भाऊजी, किल्ली न्यायला आल्ते ना? मंग आत या की. आता कोण कामात हाये इथं?"

"असू द्या वहिनी," मी म्हणालो, "पाच वाजू द्या."

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं, आणि मी ओट्यावर बसून राहिलो.