ड्रिलबाईंचा नवरा

बाइंडरकाकांचं सगळं आयुष्य एका स्टुलावर गेलं. पुस्तकाची पानं शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, वजनाखाली दाबून ठेवायचं, की पुढचं पुस्तक हातात. घरातल्या कुठल्याही बरणीचं झाकण त्यांच्या हातांपुढे टिकत नसे. पायांना मात्र काम असं नव्हतंच. दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे दिवसातून एकदा उतरलं आणि एकदा चढलं की झालं.

बायको नेमकी उलट. मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवायच्या. शाळेत त्यांना ड्रिलबाई म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर गल्लीनंही तेच नाव चालू ठेवलं. पहाटे फिरायला निघताना त्या दारातून विचारायच्या, "अहो, येताय ना?" काका पांघरूण वर ओढत म्हणायचे, "उद्यापासून नक्की."

आणि अर्धांगाचा झटका आला तो ड्रिलबाईंना. वाचा शाबूत राहिली, शब्द थोडे जड झाले एवढंच. पण डावा हात आणि डावा पाय गेले. "इतका व्यायाम करून शेवटी काय मिळालं?" असं समोरची शेजारीण जिन्यात म्हणालीच. डॉक्टरांनी मात्र काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की शरीर कसलेलं होतं म्हणूनच एवढ्यावर निभावलं.

घरी आणल्यावर सकाळी एक मदतनीस यायची. दुपारनंतर दोघंच. एका दुपारी बाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायला काकांनी त्यांच्या काखेत हात घातले, जोर लावला, आणि त्यांचेच गुडघे गेले. दोघं हळूहळू भिंतीला घासत खाली बसली. लागलं कुणाला नाही, पण उठता कुणालाच येईना. काकांनी हाका मारमारून खालच्या भाजीवाल्याला वर बोलावलं, तेव्हा कुठे दोघं जागेवर गेली.

दुसऱ्याच दिवशी परगावची मुलगी हजर. "बाबा, हे तुमच्या ताकदीबाहेरचं आहे," ती म्हणाली. "माझ्या घराजवळ एक चांगलं शुश्रूषागृह आहे. आई तिथे राहील, तुम्ही माझ्याकडे. मी रोज तिला भेटायला जाईन." ती रडवेली झाली होती. तिचं चुकत होतं असंही नाही.

"मला विचारलंस?" बाई पलंगावरून म्हणाल्या.

"आई, तू परत पडलीस म्हणजे?"

"दोन महिने थांब."

"दोन महिन्यांत काय होणार आहे?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात गिऱ्हाइकांना पुस्तकं तयार होण्याच्या तारखांखेरीज कसलं वचन दिलं नव्हतं, आणि त्या तारखाही कधी पाळल्या नव्हत्या. ते म्हणाले, "मी तिला उठवेन."

बाईंना व्यायाम द्यायला एक तरुण फिजिओ यायची. तिच्या कानावर हे गेलं, तेव्हा तिनं काकांसमोर खुर्ची ठेवली. "काका, बसा. आता हात न टेकता उठून दाखवा."

काका हसले. उठायला गेले आणि अर्ध्यातूनच परत बसले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग टेबल धरून उठले आणि हसायचे थांबले.

"काकूंचं मी बघते," ती म्हणाली. "पण आधी तुमचं बघायला हवं."

"अहो, मी पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलतो."

"हातांनी. माणसाला आधार द्यायचा तर पायात जोर लागतो."

"या वयात येतो का तो?"

"सावकाश येतो. पण येतो."

दुसऱ्या दिवसापासून कवायत सुरू झाली. खुर्चीवर दोन गोधड्यांच्या घड्या घालून ती उंच केली. त्यावरून उठायचं, बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दात घासताना एक हात भिंतीला लावून एका पायावर उभं राहायचं. फिजिओ शिकवून निघून जायची, पण पलंगावर ड्रिलबाई होत्या.

"धपकन बसू नका. वजन सांभाळत खाली या. मान वर. श्वास कोंडू नका."

"अगं, मी काय तुझ्या शाळेतली मुलगी आहे?"

"त्या ऐकायच्या."

हळूहळू एक घडी निघाली, मग दुसरी. काकांना हुरूप आला आणि तिथेच घोळ झाला. कुणाला न विचारता त्यांनी शब्दकोशाचा एक जाडजूड खंड पिशवीत घालून छातीशी धरला आणि जिना चढउतार करू लागले. संध्याकाळपर्यंत गुडघा टरारून सुजला. फिजिओनं झापलं आणि काही दिवस फक्त हलक्या हालचाली करायला सांगितल्या. काका खुर्चीत पाय वर करून बसले. "माझ्याच्यानं होणार नाही हे," ते म्हणाले. "पोरीला फोन करतो."

बऱ्याच वेळानं काकांचं लक्ष गेलं, तर बाई डोळे मिटून ओठ आवळून पडल्या होत्या आणि कपाळावर घाम होता.

"काय होतंय? दुखतंय का?"

"नाही. डावा अंगठा हलवतेय."

काकांनी चादर बाजूला केली. पाय तसाच निपचित. "हलत नाहीये."

"माहितेय मला. रोज दुपारी तुम्ही पेपर वाचता तेव्हा करते."

"न हलणारा अंगठा?"

"हलला की सांगेन."

फोन राहिला. सूज उतरली तसे काका पुन्हा खुर्चीपाशी उभे राहिले. या वेळी फिजिओ सांगेल तेवढंच, एकानंही जास्त नाही. दुकानातही एक पुस्तक दाबाखाली गेलं, की ते स्टुलावरून उतरून दारापर्यंत फेरी मारू लागले. भाजीवाला हसायचा. हसू दे, काका म्हणाले.

मग खरा धडा आला. बाईंच्या कमरेला रुंद पट्टा, चाकांची खुर्ची पलंगाला लागून, ब्रेक लावलेला, काकांचा गुडघा बाईंच्या कमजोर गुडघ्यापुढे. "तुम्ही उचलायचं नाही," फिजिओ म्हणाली. "काकू पुढे झुकून उठतील. तुम्ही त्यांना पडू द्यायचं नाही." आकडे बाईच मोजायच्या; ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. पहिले कित्येक दिवस फिजिओचा हात मागे असे. एक दिवस तो नव्हता, हे काकांना नंतर कळलं.

दोन महिने झाले आणि मुलगी आली ती सामान भरायच्या तयारीनं. बाई म्हणाल्या, "तू तिकडे दाराशी उभी राहा. आणि मध्ये पडू नकोस."

काकांनी पट्टा बांधला, ब्रेक दोनदा तपासला, गुडघा लावला. बाईंनी तीन म्हटलं. त्या उठल्या, क्षणभर डुलल्या, काकांचे पाय जमिनीत रोवल्यासारखे राहिले, आणि बाई वळून खुर्चीत टेकल्या. धपकन नाही, वजन सांभाळत.

मुलगी पलंगावर बसली. तिनं उशीचा अभ्रा सारखा केला. मग म्हणाली, "बाबा, परत एकदा दाखवा. मला शिकायचंय."

बाईंचा डावा हात काही परत आला नाही. अंगठा हलला, त्यामागून पाय थोडा आला. पायाला आधाराची पट्टी बांधून आणि हातात काठी घेऊन त्या घरातल्या घरात चालू लागल्या. काकांचा गुडघा थंडीत कुरकुरायचा, पण कवायत चुकली नाही.

एका दुपारी कुणाला न सांगता दोघं जिना उतरली. बाईंचा उजवा हात कठड्यावर, काका एक पायरी खाली, प्रत्येक वळणावर थांबून. शेजारणीनं दार उघडून पाहिलं आणि चपला वाटेतून बाजूला घेतल्या. खाली पोचेपर्यंत दोघांना धाप लागली होती. भाजीवाल्यानं आपला बाक पुसून दिला. दोघं उन्हात बसली. शाळा सुटून मुलं रस्त्यावर आली होती.

"आता वर कसं जायचं?" काकांनी विचारलं.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. "मग जाऊ."