जावयाच्या फोनवर सुनेचं ॲप

सुनेला काम शिकताना बघणं हा माझा अलीकडचा आवडता उद्योग. टीव्हीवरच्या मालिका सुटल्या त्या तिच्यामुळेच. शुक्रवार पेठेतल्या (पुण्यातली नव्हे, आमच्या गावातली) आमच्या घरात धड उजेड येतो तो स्वयंपाकघरात. तिथं ती ओट्यावर लॅपटॉप मांडते आणि मी शेजारी बसून भाजी निवडते.

ती बार्शीची, शिकलेली इंजिनिअर. लग्नाआधी पुण्यात चांगली नोकरी करत होती. मग मूल झालं, सहा-सात वर्षं घरात गेली, आणि पुन्हा अर्ज करायला लागली तर कुणी दारात उभं करेना. ‘मधल्या काळात काय केलं?’ एवढंच विचारायचे. मला असा संताप यायचा! काय केलं म्हणजे? आमचं सगळ्यांचं केलं! शेवटी घरून करायच्या कामासाठी एका लहानशा कंपनीनं तिला आजमावून बघायचं कबूल केलं. अट अशी, की छोटंसं ॲप करून ते अँड्रॉइडवर आणि आयफोनवर, दोन्हीकडे चालताना दाखवायचं. जमलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा ते अर्ज आणि तेच प्रश्न.

एकदाच लिहायचं आणि दोन्ही जातीच्या फोनवर चालवायचं, असं एक फ्रेमवर्क असतं म्हणे. तिच्या नोकरीच्या काळात तिनं ते वापरलं नव्हतं, म्हणून पार श्रीगणेशापासून सुरुवात. पहिले काही दिवस नुसतं इन्स्टॉल करण्यातच गेले. लाल अक्षरांत चुका यायच्या, ती त्या शांतपणे वाचायची, काहीतरी बदलायची, की नवीन चुका हजर. मी असते तर तो लॅपटॉप बंबात घातला असता.

मग एका दुपारी तिनं माझा फोन घेतला, त्यावरून लॅपटॉपवरचा चौकटीचौकटींचा कोड स्कॅन केला आणि फोन माझ्या हातात दिला. पांढऱ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ होती.

“आई, हितं काय लिहू?”

“लिही, पाणी आलं.”

तिनं लॅपटॉपवर टाइप केलं आणि माझ्या हातातल्या फोनवरची ओळ बदलली. फोनला कुणी बोटही लावलं नव्हतं! मी तिला पुन्हा पुन्हा शब्द बदलायला लावले आणि लहान पोरीसारखी हसत बसले.

ॲप काय करायचं तेही त्यातूनच ठरलं. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही आणि यायच्या वेळेचा भरवसा नसतो. ज्याच्याकडे आधी येईल त्यानं बटण दाबायचं, की बाकीच्यांचे फोन वाजणार.

“एकाच कणकेची पोळी पण आन् पुरी पण, असंच की,” मी म्हटलं.

“व्हय. पण पोळी चांगली झाली म्हणून पुरी फुगंलच असं न्हाय. दोन्ही करून बघाय लागतं.”

आणि तिथंच घोडं अडलं. आमच्या अख्ख्या गल्लीत आयफोन एकाकडेही नाही. होता तो पुण्याच्या आमच्या जावयांकडे.

धोंड्याचा महिना चालू होता. लेक-जावई रविवारी जेवायला येणार होते आणि कंपनीला सोमवारी दाखवायचं होतं. पण या महिन्यात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं. “आई, तुमी काय बोलू नका, बरं दिसत न्हाय,” सुनेनं मला बजावलं. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याला तसा फारसा अर्थ नसतो.

रविवारी पाट मांडला, रांगोळी काढली, औक्षण झालं, वाण दिलं. पानात पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली आणि म्हटलं, “जावईबापू, जरा तुमचा फोन द्या.”

लेक भडकली. “आई, जेवताना काय हे?”

“तू गप बस,” मी म्हटलं.

जावयांनी फोन काढून सुनेच्या हातात दिला. तिनं कोड स्कॅन केला. काहीच येईना. मग लक्षात आलं, फोन घरच्या वायफायवर नव्हताच. तो जोडला आणि ॲप आलं, पण वरची ओळ कॅमेऱ्याच्या काळ्या पट्ट्याखाली गेलेली आणि बटण अगदी खालच्या कडेला, दाबताच येईना. माझ्या फोनवर हेच सगळं कसं छान दिसत होतं! सून रडकुंडीला आली.

“दाजी, थोडा वेळ थांबता? लगेच करते.”

जावयांचं पान संपत आलेलं, गाडीची वेळ होत आलेली. हा माणूस एरवी अर्धी पोळी खाऊन पोट धरतो. त्यानं सुनेकडे एकदा बघितलं, सरळ मांडी घातली आणि मला म्हणाला, “आई, अजून एक धोंडा वाढा. सावकाश खातो.” तो खाल्ला, मग आणखी एक मागितला. जावई निवडताना आम्ही चूक केली नाही, हे त्या दिवशी मला पक्कं कळलं.

तोवर सुनेची बोटं चालू होती. आता ती कुणाकडे बघत नव्हती. ओळ खाली आली, बटण वर सरकलं. मी माझ्या फोनवर बटण दाबलं आणि पाटाशेजारी ठेवलेला जावयांचा फोन खणखणीत वाजला. पाणी आलं! सुनेनं त्याचा व्हिडिओ घेतला आणि जावई पोटावर हात ठेवून रिक्षात बसले.

सोमवारी तिनं सगळं दाखवलं. दोन दिवसांनी दुपारी फोन आला. ती आतल्या खोलीत जाऊन बोलली आणि बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

“आई, एक तारखेपासून दहा ते सहा मला हाक मारायची न्हाय हं. कुणी आलं तरी न्हाय.”

सुनेनं सासूला असं बजावलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. “न्हाय मारत बाई,” मी म्हटलं. तेवढ्यात दारात भाजीवाली ओरडली. सून सवयीनं निघाली होती, मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः गेले.