कोळशाच्या दोन पिशव्या

एमएस्सीला मी आणि माझी मैत्रीण एकाच बाकावर बसायचो. दोघीही वाटूरच्या, सकाळच्या एसटीनं जालन्याला यायचो. मार्क माझे जास्त असायचे. पण पीएचडीच्या मुलाखतीला ती गेली, तिला जागाही मिळाली. माझं त्याच महिन्यात लग्न झालं आणि मी जालन्यातल्या लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत लागले. भट्टीसाठी आलेला कोळसा जाळायचा, उरलेली राख तोलायची, टक्के लिहायचे. सहा वर्षं हेच.

गेल्या वर्षी ती मिलमध्ये भेटायला आली. फोनवर एक आलेख दाखवला, दोन उंचवट्यांचा.

"हे बघ, आमचं मशीन. कोळसा जाळायचा न्हाई, विरघळवायचा न्हाई. पूड करून इवल्याशा नळीत ठासायची आणि मोठ्या चुंबकात तिरकी फिरवायची. सेकंदाला हजारो फेरे! हा उंचवटा कार्बनच्या गोल कड्यांचा, हा लांब साखळ्यांचा. कोळसा जितका जुना, तितक्या कड्या जास्त."

मी "छान" म्हणाले. तिच्या त्या 'आमचं'चा मला इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून दिला.

तिला दोन नमुने हवे होते. एक आपल्याकडच्या खाणीतला जुना, एक जहाजानं आलेला कोवळा. मी पिशव्या भरल्या आणि चिठ्ठ्या अदलाबदल करून चिकटवल्या. तिच्या सरांसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"अगं, जुन्या कोळशात साखळ्याच जास्त दिसून राह्यल्यात. सर म्हणले, नमुने फेकून दे, चिठ्ठ्या चुकल्या असतील. मी म्हणलं, माझी मैत्रीण असं चुकायची न्हाई, हे काहीतरी नवीन आहे. चार दिवस तेच मोजत बसले."

मला खोटं बोलता आलं असतं.

"चिठ्ठ्या मी बदलल्या," मी म्हणाले. "मुद्दाम."

"का?"

"तू गेलीस, मी राह्यले, म्हणून."

ती म्हणाली, "मंग आता बराबर लिहून पाठव," आणि फोन ठेवला.

मी त्याच दिवशी नवे नमुने पाठवले. तिचा लेख छापून आला. शेवटी आभार होते, सरांचे, मशीन चालवणाऱ्याचे, मिलचेसुद्धा. माझं नाव मी तीनदा शोधलं. नव्हतं. तरी लेखातला तो आलेख मोठा करून पाहिलाच, आणि पुन्हा तितकीच जळफळले.

आता ती गावी येऊन गेल्याचं मला तिच्या आईकडून कळतं.